जुन्या जीपला एसी : इंजिन चढवण्याआधीच ठरवा

ठाणे, कल्याण, डोंबिवली पट्ट्यात जुनी जीप हौसेने सांभाळणारे बरेच आहेत. कुणाकडे वडिलांच्या काळची सीजे-३बी, कुणाकडे हात बदलत आलेली एमएम-५४०. पावसाळ्यात मुरबाडवरून माळशेजकडे निघालं की गाडीचं कौतुक संपत नाही. एप्रिलमध्ये शिळफाट्याच्या कोंडीत, तापलेल्या पत्र्याखाली मात्र सगळी हौस फिटते. मग इंजिन थकून कामाला निघालं की गॅरेजमध्ये विषय निघतोच : “इंजिन उतरवतोच आहोत, तर एसीही टाकून घेऊ या का?” प्रश्न रास्त आहे. त्यावर मिळणारे सल्ले मात्र बहुतेक ऐकीव असतात.

गैरसमज : आधी इंजिन बसू दे, एसीचं नंतर बघता येईल.

वस्तुस्थिती : नंतर बघायला गेलं की जागाच उरलेली नसते. कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर चालतो. त्याचं ब्रॅकेट इंजिनच्या ब्लॉकवर बसतं आणि क्रँक पुलीला बेल्टसाठी एक जादा खाच लागते. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे येतो. होजपाइप फायरवॉलमधून आत न्यावे लागतात. जीपच्या अरुंद बोनेटखाली एका बाजूला स्टिअरिंग बॉक्स, दुसरीकडे तापणारा मॅनिफोल्ड. इंजिन साखळीवर लटकलेलं असतानाच कॉम्प्रेसर कुठल्या बाजूला येणार, पंखा आणि रेडिएटर यांच्यात किती अंतर राहणार, हे मापून घ्यायचं असतं.

ब्रॅकेटचं काम बारकाईने बघा. क्रँक, कॉम्प्रेसर आणि टेन्शनर या तिन्ही पुलींवर लोखंडी पट्टी टेकवायची. ती तिन्हींना सपाट लागली पाहिजे. दोन-तीन मिलिमीटरचा फरकही बेल्ट किंचाळायला आणि कडेने झिजायला पुरतो. ब्रॅकेट जाड पट्टीचं, कोपऱ्यात त्रिकोणी आधार दिलेलं आणि थेट ब्लॉकच्या बोल्टांवर कसलेलं हवं. डिझेल इंजिनाच्या थरथरीत पातळ पट्टी वेल्डिंगपाशी तडकते.

गैरसमज : जुन्या इंजिनाला एसी ओढवतच नाही.

वस्तुस्थिती : मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आत. तरी ती गाडी एसीसह विकली गेली आणि लोकांनी वर्षानुवर्षं चालवली. महिंद्राच्या जीपमधलं प्यूजोचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन २,११२ सीसीचं, साधारण साठ अश्वशक्तीचं. सीजे-३बी मधलं हरिकेन पेट्रोल इंजिन २,१९९ सीसीचं. कॉम्प्रेसर पूर्ण भाराला तीन ते पाच अश्वशक्ती खातो. धडधाकट इंजिनाला हे जड नाही.

अडचण येते ती आयडलिंगला आणि चढावर. कॉम्प्रेसरचा क्लच लागला की आरपीएम पडतात, इंजिन कापतं. त्यावर उपाय म्हणजे एसी चालू होताच आयडलिंग थोडं वर उचलणारा व्हॅक्यूम ॲक्च्युएटर. घाटासाठी डॅशबोर्डवर कट-ऑफचं बटण हाताशी ठेवावं.

गैरसमज : कॉम्प्रेसर मोठा, तेवढी थंडी जास्त.

वस्तुस्थिती : एसी गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. ती बाहेर टाकण्याचं काम कंडेन्सरचं, आणि जुन्या गाडीत घोडं तिथेच अडतं. कंडेन्सरमधून तापून निघालेली हवा मागच्या रेडिएटरला मिळते. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी उभी असते, समोरून वारा नसतो आणि इंजिनचा पंखाही हळू फिरत असतो. अशा वेळी एसी गरम हवा फेकतो आणि टेंपरेचरचा काटा वर चढतो. म्हणून रेडिएटर आतून साफ किंवा नवा, पंख्याला श्राउड, आणि कंडेन्सरला वेगळा इलेक्ट्रिक पंखा हवा. हा पंखा हवा इंजिनकडेच ढकलतोय ना, हे कागदाचा कपटा धरून तपासा. तारा उलट जोडल्या गेल्या, तर दोन पंखे एकमेकांविरुद्ध झुंजत राहतात.

विजेचं गणितही इथेच करावं. ब्लोअर, कंडेन्सरचा पंखा आणि मॅग्नेटिक क्लच मिळून वीस अँपिअरच्या वर सहज जातात. जुना डायनॅमो आयडलिंगला जेमतेमच वीज देतो. तिथे चांगल्या क्षमतेचा अल्टरनेटर लागतोच.

आणि शेवटचा प्रश्न टपाचा. कापडी हूड, बटणांचे पडदे आणि गिअरच्या दांड्याभोवती भोक असेल, तर कितीही मोठी कूलिंग कॉइल बसवा, बाहेरची दमट हवा आत येतच राहणार. फायरवॉलची भोकं बुजवणं, फ्लोअरला उष्णतारोधक थर देणं, दारांना रबर लावणं ही कामं स्वस्त आहेत आणि एसीच्या आधीची आहेत.

गैरसमज : एसीचा गॅस दरवर्षी भरावाच लागतो.

वस्तुस्थिती : गॅस इंधनासारखा खर्च होत नाही. तो बंद नळीत फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी लीकेज आहे. खडबडीत रस्त्यांवर चालणाऱ्या जीपमध्ये होजच्या क्रिम्पिंगपाशी, ओ-रिंगमध्ये आणि कॉम्प्रेसरच्या पुढच्या सीलमध्ये ते आधी शोधावं.

नवी जोडणी करताना व्हॅक्यूमची घाई करू देऊ नका. आपल्या खाडीकाठच्या हवेत ओल भरपूर. ती नळ्यांत राहिली तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी गोठते आणि तेलात मिसळून धातू खाते. पंपाने आतली हवा ओढून घेतली की पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफेच्या रूपाने निघून जातं. अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम, मग पंप बंद करून काटा स्थिर राहतो का ते पाहणं, आणि त्यानंतर गॅस वजनावर मोजून भरणं. ओल शोषणारा ड्रायर नवाच हवा. त्याचं बूच अगदी शेवटी काढायचं.

भंगारातलं जुनं किट स्वस्तात मिळालं, तर ते कुठल्या गॅसचं आहे हे आधी विचारा. ओझोनला घातक असलेला आर-१२ मॉन्ट्रियल करारानुसार भारतात 2010 पासून बंद झाला. त्याच्या जागी आलेल्या आर-१३४ए ला वेगळं तेल लागतं. जुनं मिनरल तेल त्यात चालत नाही.

गैरसमज : पावसाळ्यात एसी काय कामाचा?

वस्तुस्थिती : पावसात काचा आतून धुरकटतात, कारण आतल्या हवेतली वाफ गार काचेवर बसते. कूलिंग कॉइल हीच वाफ आधी पकडते. गाडीखाली ठिबकणारं पाणी ते हेच. मात्र चिखलात गाडी घातली असेल तर परतल्यावर कंडेन्सर साध्या पाण्याने, हलक्या दाबाने धुवा. जोराच्या फवाऱ्याने त्याच्या पाकळ्या मुडपतात.

गैरसमज : इंजिन कुठलंही टाका, आरटीओला मागाहून सांगता येतं.

वस्तुस्थिती : सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. 9 जानेवारी 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे दुसऱ्या कंपनीचं जास्त ताकदीचं इंजिन टाकण्याचा बेत मुळातच धोक्याचा. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन घालायचं तरी परवानगी आधी, काम नंतर. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमती लागते. विमा कंपनीलाही कळवा.

गैरसमज : जीप जुनी, म्हणजे विंटेजमध्ये बसेल.

वस्तुस्थिती : जुलै 2021 च्या नियमांनुसार विंटेजसाठी गाडी 50 वर्षांहून जुनी हवी, आणि तिच्या चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. सीजे-३बी मूळ हरिकेन इंजिनासह हाती असेल, तर ते उतरवण्याआधी दोनदा विचार करा.

क्रम साधा आहे. एमएच-०४ असो वा एमएच-०५, आधी आपल्या आरटीओत इंजिन आणि एसी दोन्हींबद्दल लेखी विचारा. मग बोनेटखालचं माप, मग ब्रॅकेट आणि रेडिएटर, आणि गॅस सर्वांत शेवटी. परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय गॅरेजला ॲडव्हान्स देऊ नका.