बारावे सरल्यावरचा बात मित्स्वा

ज्यू मुलीला बारावे वर्ष पुरे झाले की धर्माज्ञा पाळण्याची जबाबदारी तिची स्वतःची होते. तेव्हापासून ती ‘बात मित्स्वा’, म्हणजे आज्ञेची कन्या. मुलगा तेराव्या वर्षी ‘बार मित्स्वा’ होतो. वय झाले की हे आपोआप घडते, समारंभ होवो न होवो. त्यामुळे साठीतल्या बाईचे काही राहून गेले असेल तर ते तोरा या धर्मग्रंथाचे सभेपुढचे वाचन.

मुलाला सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनालयात, तोरा वाचायला उभे करण्याची चाल जुनी आहे. मुलीची अगदी अलीकडची. १८ मार्च १९२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये रब्बी मॉर्डेकाय कॅप्लन यांची मुलगी ज्युडिथ सभेपुढे वाचायला उभी राहिली. अमेरिकेतला हा पहिला बात मित्स्वा समारंभ मानतात. तिच्या हातात मात्र चर्मपत्राची गुंडाळी नव्हती, छापील पुस्तक होते. ज्यांना बाराव्या वर्षी ही संधी मिळाली नाही अशा प्रौढ स्त्रियांचे वर्ग पुढे निघाले.

महाराष्ट्रातल्या बेने इस्राएलांची गोष्ट जरा वेगळी. अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटून आलेल्या सात जोडप्यांचे हे वंशज, अशी परंपरा सांगते. कोकणात ते तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ‘शनवार तेली’. बाहेरून आलेल्या डेव्हिड रहाबी या ज्यू गृहस्थांनी हे लोक ज्यू असल्याचे ओळखले ते बायकांमुळे, असेही सांगतात: मासळी पुढे ठेवल्यावर बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे निवडले. खाण्याचे नियम, मलिदा या विधीचे पोहे-गूळ-खोबरे, प्रेषित एलियाहू हन्नाबीची मराठी गाणी हे सारे बायकांनी सांभाळले. हिब्रू पठण पुरुषांकडे होते. म्हणून प्रौढ बेने इस्राएल स्त्रीचा धडा धर्मापासून नव्हे, लिपीपासून सुरू होतो.

हिब्रू अक्षरे बावीसच, उजवीकडून डावीकडे लिहिलेली. पुस्तकात स्वरांच्या खुणा असतात, गुंडाळीत नसतात. काना, मात्रा, वेलांटी पुसून टाकलेले मराठी पान वाचावे तसे ते वाचन. शिवाय मजकूर ठरावीक चालीत म्हणायचा असतो आणि चालीच्या खुणाही गुंडाळीत नाहीत. यासाठी ‘तिक्कून’ नावाचे पुस्तक वापरतात: एका रकान्यात खुणांसह उतारा, शेजारी तोच उतारा कोरा. खुणांवरून पाठ करायचे, कोऱ्यावर पारखून पाहायचे. देवनागरीत उच्चार लिहून घेतले तर सुरुवात सोपी होते, पण गुंडाळीसमोर ते कामाला येत नाहीत. ती कुबडी लवकर टाकलेली बरी.

तोराचे ५४ भाग वर्षभरात वाचून होतात. प्रौढ स्त्री बहुधा आपल्या सोयीचा आठवडा निवडते. एका पाळीत निदान तीन ओव्या वाचाव्या लागतात. सोमवारचे आणि गुरुवारचे वाचन शनिवारच्या मानाने आखूड, नवशिक्यांच्या सोयीचे. गुंडाळीला बोट लावायचे नाही. ‘याद’ नावाच्या दांडीने ओळ दाखवायची. शेजारी उभा असलेला माणूस चुकलेला उच्चार तिथल्या तिथे दुरुस्त करतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. बहुतेक ठिकाणी वाचलेल्या भागावर छोटे निरूपणही करतात. मराठीत बायबलच्या कथांवर कीर्तने केलेल्या समाजाला हे परके वाटू नये.

अडचण आहे ती जागेची. बेने इस्राएलांची बहुतेक प्रार्थनालये सनातनी वळणाची, तिथे तोरा पुरुषच वाचतात. उदारमतवादी पंथ स्त्रियांना वाचू देतो. हा विचार मुंबईत आणला तो एका बाईनेच: डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ साली ज्युइश रिलिजियस युनियन स्थापन केली. भायखळ्याचे रोदेफ शालोम हे तिचे प्रार्थनालय.

सत्तर वर्षे हे पूर्ण आयुष्य धरून त्यानंतर मोजणी पुन्हा सुरू करण्याची एक प्रथा आहे, म्हणून काही पुरुष ८३ व्या वर्षी दुसरा बार मित्स्वा करतात. ज्युडिथनेही १९९२ मध्ये, ८२ व्या वर्षी, आपला बात मित्स्वा पुन्हा साजरा केला.