समुद्राचा फोटो सपाट का येतो? उत्तर क्षितिजावर नाही, तुमच्या पायाशी आहे

दादर चौपाटीवरून सूर्यास्त बघताना समोरचा सी लिंक भव्य वाटतो. तोच फोटो स्टोरीला टाकला की उरते एक आडवी रेघ आणि त्यावर खोचलेल्या दोन टाचण्या. असं का होतं?

दोष फोनचा नाही

फोनची मुख्य लेन्स वाइड असते. ती समोरचं बरंच काही एका चौकटीत बसवते, त्यामुळे दूरच्या गोष्टी बारीक होतात. त्यात पाणी आणि आकाश यांच्यात अंतराची काही खूणच नसते. आपला डोळा तुलनेवर चालतो. जवळचं काहीतरी दिसलं की मगच लांबचं किती लांब आहे ते कळतं. फोटोत खालच्या बाजूला येणाऱ्या या जवळच्या गोष्टीला फोरग्राउंड म्हणतात.

मग चौकटीत काय घ्यायचं?

दादरला ओहोटीची वेळ गाठा. पाणी मागे सरलं की ओली वाळू आरशासारखी चमकते आणि आकाशाचे रंग खालीही उतरतात. चैत्यभूमीशेजारच्या व्ह्यूइंग डेकवर असाल तर कठडा चौकटीच्या कोपऱ्यातून सुरू होऊ द्या. नजर त्या रेघेवरून थेट समुद्रात जाते.

गिरगाव चौपाटीवरून सूर्य मलबार हिलच्या बाजूला उतरतो. त्यामुळे इथे सूर्यास्तानंतरची पंधरा-वीस मिनिटं थांबा. आकाश गडद निळं होतं, मरीन ड्राइव्हचे दिवे लागतात. पुढे भेळेच्या स्टॉलचा उजेड किंवा पाण्याच्या काठाची वळणदार रेघ घ्या.

सी लिंक मोठा हवा असेल तर होडीपासून चार पावलं मागे या आणि २एक्सवर फोटो काढा. होडी तेवढीच राहते, मागचा पूल मात्र मोठा दिसतो.

पुढे जाऊ नका, फोन खाली न्या

फोरग्राउंडच्या नादात अनेक जण मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर उतरतात. तिथे शेवाळ असतं, फटी खोल असतात आणि लाट सांगून येत नाही. खरं तर त्याची गरजच नाही. कट्ट्याच्या अलीकडेच थांबा, फोन उलटा धरा म्हणजे लेन्स खाली येईल, आणि तो कट्ट्याच्या दगडाजवळ न्या. हातभर अंतरावरचा दगडही फोटोत मोठा होतो. वाळूवरचा शिंपला किंवा पावलांचे ठसे टिपायलाही हीच युक्ती.

माणूस फोरग्राउंडला घेणार असाल, जाळं विणणारे कोळीदादा असोत की फुगेवाला, तर आधी विचारा.

निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा. ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. पावसाळ्यात मोठ्या भरतीचे दिवस महापालिका आधीच जाहीर करते. त्या दिवशी फोटो काढायचाच असेल तर रस्त्यापलीकडच्या फुटपाथवरून काढा. उसळलेली लाट आणि पुढे छत्र्या, फोरग्राउंड आपोआप मिळतं.