वाढीचा वेग पाहा

वर्गातला सर्वांत बुटका मुलगा आजारी असेलच असे नाही. आईवडील ठेंगणे असतील तर तोही तसाच असू शकतो. पाहायचा तो वाढीचा वेग. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५-६ सेंटिमीटर वाढते. वेग ४ वर आला, तर ‘वाढेल हळूहळू’ म्हणत थांबू नका.

वेग मंदावण्याचे एक कारण म्हणजे वाढीच्या संप्रेरकाची कमतरता. हे संप्रेरक पीयूषिका ग्रंथीतून थांबून थांबून, मुख्यतः गाढ झोपेत स्रवते. म्हणून एकदाच रक्त तपासून कमतरतेचे निदान होत नाही. थायरॉइडसारखे आजार वगळून, हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय पाहून, मग औषधाने ग्रंथीला चेतवतात आणि ठरावीक अंतराने रक्त घेतात.

१९८५ पर्यंत उपचारासाठी हे संप्रेरक मृतांच्या ग्रंथींतून काढत. त्यातून काही मुलांना पुढे मेंदूचा जीवघेणा आजार जडला. आता जनुकीय तंत्राने ते प्रयोगशाळेत बनते. लिओनेल मेस्सीनेही लहानपणी अशी इंजेक्शने घेतली. बहुतेकांना ती रोज रात्री, अनेक वर्षे घ्यावी लागतात, म्हणून लवकर निदान फार मोलाचे: हाडांची वाढती टोके जुळली की उंची वाढत नाही.

मोठ्यांत या कमतरतेचे कारण बहुधा ग्रंथीची गाठ, तिची शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन. थकवा, पोटावर चरबी, विरळ हाडे ही लक्षणे वयावर ढकलली जातात. मोठ्यांना संप्रेरकाची मात्रा मुलांपेक्षा बरीच कमी लागते.