मापाची खुर्ची

1972 साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये मुरलीकांत पेटकरांनी 50 मीटर पोहण्याची शर्यत 37.33 सेकंदांत जिंकली. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक. पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे. 1965च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. 2024च्या ‘चंदू चॅम्पियन’ चित्रपटामुळे ते घरोघर पोचले. पण अशा माणसाचा सगळा दिवस ज्या चाकांच्या खुर्चीत जातो, तिच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

शेजारच्या साताऱ्यात तर अपशिंगे मिलिटरी नावाचंच गाव आहे, इतकी या भागाची सैन्याशी सोयरीक. कणा मोडलेल्या जवानांसाठी पुण्याला खडकीत 1974 पासून पुनर्वसन केंद्र आहे. तिथे खुर्ची देतात आणि तिच्यात कसं बसायचं हेही शिकवतात. पण झाडावरून पडलेला शेतकरी, पक्षाघात झालेली आजी, सेरेब्रल पाल्सीचं मूल यांच्या वाट्याला बहुधा शिबिरातली किंवा दुकानातली तयार खुर्ची येते. ती अंगाला लावून देणारं कुणी नसतं, आणि खरा धोका तिथेच आहे.

पहिल्या महायुद्धात कणा मोडलेले बहुतेक सैनिक जखमा चिघळून आणि लघवीच्या संसर्गाने दगावत. 1944 साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला डॉ. लुडविग गुटमन यांनी रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायला लावलं, तेव्हा हे चित्र पालटलं. दाब एकाच जागी राहू द्यायचा नाही, हे त्यामागचं कारण. खुर्चीलाही तेच लागू.

माणसाला आधी पाठीपर्यंत मागे सरकवून बसवावं. मांडी आणि बाजूच्या पत्र्यामध्ये तळहात उभा सरकला पाहिजे. गुडघ्यामागे दोन-तीन बोटांची फट हवी, नाहीतर बैठकीची कड टोचते. पाय टेकवायची पट्टी फार खाली असली तर माणूस पुढे घसरतो. फार वर असली तर मांडीवरचा भार हटून सगळं वजन बैठकीच्या हाडांवर येतं. पट्टा पोटावर नको, खाली कमरेच्या हाडांवर हवा. सैल पट्ट्यातून माणूस घसरला की तोच पट्टा छातीवर, गळ्यावर चढतो. मुलाची कंबर आधी स्थिर करायची, मग धड, शेवटी मान. भरवताना मान मागे कलती ठेवू नये, घास श्वासनलिकेत जातो. मूल वाढतं, म्हणून दर काही महिन्यांनी पाना हातात घेऊन खुर्ची पुन्हा मापाला लावायची.

मधे भोक असलेली रबरी रिंग अनेक घरांत मायेने आणली जाते. ती कृपा करून वापरू नका. तिच्या कडेचा दाब भोवतालचा रक्तपुरवठा अडवतो. चांगली गादी घ्यावी, आणि अर्ध्या तासाच्या आत पुढे किंवा बाजूला झुकून एक-दोन मिनिटं भार हलका करावा. रात्री आरसा धरून कातडी बघावी. न जाणारा लालसर डाग दिसला, तर त्या जागेवर बसणं बंद.

खाटेवरून खुर्चीत घेताना दोन्ही ब्रेक लावायचे आणि पायपट्ट्या वर करायच्या. पायपट्टीवर उभं राहिलं की खुर्ची पुढे कलंडते.

उताराला 1 फूट उंचीमागे 12 फूट लांबी धरतात. पाटण-जावळीकडच्या 2 फुटी जोत्याला 24 फूट उतार लागतो, एवढं अंगण कुणाला? मग उतार तीव्र होतो. तिथे खुर्ची उलटी, पाठ उताराकडे करून, धरणाऱ्याने खालच्या बाजूला राहून सावकाश उतरवावी. कृष्णाकाठच्या काळ्या चिखलात पुढची लहान चाकं रुततात. खुर्ची मागे कलवून मोठ्या चाकांवर न्यायची.

या भागात पुराचाही विचार करावा लागतो. 2019च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पुराचा गाळ बेअरिंगमध्ये बसला की चाक जड होतं. फोमची गादी वरून सुकते, आत ओलीच राहते. बोटीत खुर्ची मावत नसेल तर ती राहू द्यावी. गादी मात्र काखेत मारून न्यायची. बोटीच्या फळीवर तासन्‌तास बसायला तीच लागते.