कर्णमूलातील सौम्य अर्बुद : काही विचार

कानाच्या पाळीखाली किंवा जबड्याच्या कोनाजवळ न दुखणारी, बोटाखाली सहज हलणारी गाठ घेऊन रुग्ण येतो आणि ती कित्येक वर्षांची जुनी असल्याचे निर्धास्तपणे सांगतो. हा निर्धास्तपणा कितपत योग्य, याचा विचार आम्ही येथे वैद्यबंधूंपुढे मांडत आहोत.

लालाग्रंथींची बहुसंख्य अर्बुदे पॅरोटिड, म्हणजे कर्णमूलातील ग्रंथीत होतात आणि त्यांपैकी सुमारे ८० टक्के सौम्य असतात. प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा हा त्यांतील सर्वाधिक आढळणारा प्रकार होय. त्याच्या मारक परिवर्तनाचा संभव पहिल्या ५ वर्षांत सुमारे दीड टक्का, तर १५ वर्षांनंतर सुमारे साडेनऊ टक्के सांगितला जातो. काळ हाच येथे हेतू ठरतो.

हे परिवर्तन ओळखण्यास काढलेल्या ऊतीतील काही प्रथिने साहाय्यभूत होतात. पी-५३ हे पेशीविभाजनावर अंकुश ठेवणारे प्रथिन. त्याचे जनुक बिघडले की सदोष प्रथिन पेशीकेंद्रात साचते व रंजनात गडद दिसते. हर-२ हे पेशीच्या आवरणावरील वृद्धिग्राहक प्रथिन मारक झालेल्या अनेक अर्बुदांत वाढलेले असते. के आय-६७ वरून विभाजनाचा वेग कळतो. प्लॅग-१ व एचएमजीए-२ यांतील बदल मात्र मूळ सौम्य अर्बुदातही असतात. त्यांवरून कर्करोगाचे मूळ कळते, मारकता नव्हे. या चाचण्या ऊतीवरच्या आहेत, रक्तावरच्या नव्हेत. कोणते सौम्य अर्बुद पुढे मारक होईल, हे त्या खात्रीने सांगू शकत नाहीत. म्हणून त्यांच्या भरवशावर वाट पाहत राहणे युक्त नाही.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या ११ व्या अध्यायात पूर्वीच्या अर्बुदावर उद्भवणाऱ्या दुसऱ्या अर्बुदास अध्यर्बुद म्हटले आहे. मर्मस्थानी झालेले व अचल अर्बुद असाध्य मानले आहे. आधुनिक वर्णनाशी हे तंतोतंत जुळवण्याचा आमचा आग्रह नाही. परंतु अर्बुदाचा अंश शिल्लक राहिल्यास ते पुन्हा वाढते, म्हणून ते निःशेष काढावे, हा चिकित्सास्थानातील उपदेश आजही मोलाचा आहे. नुसती गाठ सोलून काढल्यास हे अर्बुद पुन्हा उद्भवते. म्हणून शल्यविद भोवतालच्या ग्रंथिभागासह ते काढतात व चेहऱ्याची नस जपतात.

तेव्हा अशा गाठीवर लेप, क्षार वा अग्निकर्म यांत वर्षे दवडू नयेत. तिला चिकित्सालयात छेदही देऊ नये. सोनोग्राफी व सुईची तपासणी करून रुग्णास शल्यविदाकडे पाठवावे. जुनी गाठ एकाएकी वाढू लागली, दुखू लागली, घट्ट चिकटली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली किंवा मानेत गाठी आल्या, तर एक दिवसही थांबू नये. परिवर्तन अर्बुदाच्या आवरणाआतच असेल, तर रुग्ण बरा होण्याची आशा मोठी असते. आवरण भेदून ते दूर गेल्यावर ती झपाट्याने घटते. रुग्ण प्रथम आपल्याकडे येतो, म्हणून हा काळ वाचवणेही आपल्याच हाती आहे.