खटका पडला... पण किती वेळात?

घरातल्या विजेच्या बोर्डावर एक जरा रुंद खटका असतो आणि त्यावर 'टी' लिहिलेलं बारीकसं बटण. पाहिलंय कधी? जुने वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात, नवे आरसीसीबी. काही घरांत तो नसतोही.

परवा आमच्याकडे वायरमनकाका आले होते. "खटका चालतो ना?" त्यांनी विचारलं. माझ्या पुतणीने ऐटीत बटण दाबलं. खट्! पंखे थांबले, फ्रिज गप्प झाला. "चालतो की!" ती म्हणाली.

"अर्धाच पेपर सोडवलास गं," काका हसले आणि त्यांनी पिशवीतून डब्याएवढं एक यंत्र बाहेर काढलं.

हा खटका करतो काय? सहलीला ४० मुलं गेली आणि परतताना बसमध्ये ३९च भरली, तर बाई बस सोडतील का? खटक्याचं तसंच. फेजच्या तारेतून जेवढी वीज गेली, तेवढीच न्यूट्रलमधून परत यायला हवी. दोन्ही तारा एका कड्यातून जातात आणि जमाखर्चात फरक पडला, की खटका पडतो. घरातल्या खटक्यासाठी हा फरक बहुधा ३० मिलिअँपिअर असतो. साधा ६ अँपिअरचा एमसीबी याच्या २०० पट वीज वाहिली तरी ढिम्म हलत नाही! तो तारांना जपतो, माणसांना नाही.

पण ३०च का? अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात चार्ल्स डॅलझील नावाचे प्राध्यापक होते. स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन ते वीज हळूहळू वाढवत आणि ती सोडता येते का बघत. (असले प्रयोग आपण अजिबात करायचे नाहीत!) पुरुषांची मूठ सरासरी १६ मिलिअँपिअरला उघडेनाशी होई. म्हणजे ३० मिलिअँपिअरला माणूस तारेला चिकटलेलाच. मग त्याला वाचवतो तो वेग. हृदयाची लय बिघडायच्या आत वीज तुटली पाहिजे.

बटण हा वेग सांगत नाही. ते दाबलं, की आतला एक रोधक थोडी वीज कड्याला वळसा घालून नेतो आणि खटका फसतो. यंत्रणा गंजून अडकलेली नाही, एवढंच त्यावरून कळतं.

काकांनी आधी सगळी उपकरणं प्लगमधून काढायला लावली, कारण प्रत्येकातून थोडी थोडी वीज पाझरत असते आणि हिशेब चुकतो. मग यंत्राची पिन हॉलमधल्या सॉकेटमध्ये घातली. पहिल्यांदा १५ मिलिअँपिअर. खटका पडला नाही. पडायचाच नव्हता! मग ३०. खट्! पडद्यावर आकडा आला : २८ मिलिसेकंद. मर्यादा ३००ची. मग १५० मिलिअँपिअर, त्याला ४०च्या आत पडायला हवा. पडला. विजेच्या लहरीच्या उलट्या अर्ध्या भागावर पुन्हा हेच सगळं. दर वेळी धावत जाऊन खटका वर करायचं काम पुतणीकडे.

शेवटी न्हाणीघरातलं गीझरचं सॉकेट. तिथे यंत्र चाचणी सुरूच करेना. अर्थिंगचा दिवा लागत नव्हता. काकांनी सॉकेट उघडलं, तर हिरवी तार कापून मागे दुमडून ठेवलेली! आधीच्या कुणा कारागिराचा प्रताप.

आता विचार करा. गीझर आतून बिघडून त्याच्या पत्र्यात वीज उतरली असती, तरी तिला जमिनीत जायला वाटच नव्हती. म्हणून खटकाही पडला नसता. वाट मिळाली असती ती ओल्या हाताने गीझरला शिवणाऱ्या पहिल्या माणसातून. खटका तेव्हा पडला असता, पण झटका बसल्यानंतर. आणि बोर्डावरचं बटण मात्र रोज खट् करून 'सगळं ठीक आहे' म्हणालं असतं!

या खटक्याची आणखी एक मर्यादा काकांनी सांगितली. कुणी फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले, तर जमाखर्च जुळतो आणि खटका स्वस्थ बसतो. बटण मोठ्यांना विचारून अधूनमधून दाबायला हरकत नाही, पण बोर्ड किंवा सॉकेट उघडणं आणि ते यंत्र लावणं हे जाणत्या वायरमनचंच काम.

हिरवी तार जोडली, दिवा लागला. खट्! २९ मिलिसेकंद. काकांनी बोर्डाच्या झाकणाच्या आत पेन्सिलीने आकडे आणि तारीख लिहिली. पुतणीने त्याखाली पुढच्या वर्षीसाठी एक रिकामी ओळ आखून ठेवली आहे.