बाळकेळीला जेवू कसं घालाल?

परसदारी एक तरी केळ असावी, असं कुणाला वाटत नाही? जेवायला पान, भाजीला केळफूल आणि घड उतरला की शेजारीपाजारी वाटायला फण्या! पण रोपवाटिकेतून आणलेलं टिश्यू कल्चरचं रोप म्हणजे नुकतंच अंगावरून तोडलेलं बाळच. त्याचं खाणं-पिणं जपूनच करायला हवं.

पिशवीतला काळपट भुसा पाहून 'खत आहे की भरपूर' असं समजू नका हं! तो बहुधा नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट असतो. पाणी छान धरतो, पण रोपाचं पोट काही भरत नाही.

म्हणून लावतानाच खड्ड्यातल्या मातीत 10 किलो कुजलेलं शेणखत, 250 ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि 80 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश मिसळा. पिशवी फाडताना मुळांभोवतीचा गोळा फुटू देऊ नका. युरियाची मात्र घाई नको. महिन्यानं 40 ग्रॅम आणि पुढच्या पंधरवड्यात आणखी 40 ग्रॅम द्या. खोडापासून वीतभर दूर, गोल चरात घालून मातीनं झाका आणि लगेच पाणी द्या. बुंध्याशी ओतलात तर मुळं करपतील.

बंबाची राखही चालते, तिच्यातून पोटॅश मिळतं. मात्र ती युरियात कालवू नका, नत्र उडून जातो.

सगळीच पानं फिकट दिसली तर नत्र कमी. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळल्या तर पोटॅश कमी.

घडाला फण्या किती येणार, हे पहिल्या चार-पाच महिन्यांच्या वाढीवर बरंचसं ठरतं. तेव्हा घड दिसायची वाट पाहू नका, बाई, आताच वाढा!